उन्हाळ्यातील बाग

प्रस्तावना

उन्हाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तापलेले रस्ते, ओस पडलेली दुपार आणि कोरडे नळ उभे राहतात. परंतु याच ऋतूत मोगरा बहरतो, कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते आणि आंब्याच्या मोहोराच्या जागी कैऱ्या लटकू लागतात. उन्हाळा झाडांना बहरही देतो आणि त्यांची परीक्षाही घेतो. ज्यांच्या घरापुढे चार झाडे आहेत, त्यांना ही परीक्षा झाडांसोबत द्यावी लागते.

आपण नागपुरात राहत असाल, इंदुरात वा बडोद्यात असाल, हैदराबादेत किंवा दिल्लीच्या एखाद्या वसाहतीत असाल. आपली बाग अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीतल्या दोन कुंड्यांपुरती असेल. मार्च ते जून या काळातील प्रश्न मात्र सर्वत्र सारखाच असतो : थोडक्या पाण्यात काय जगवायचे आणि कसे? प्रस्तुत पाठात लेखिकेने स्वतःच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठाचा पूर्वार्ध अनुभवकथनाचा असून उत्तरार्ध माहितीपर आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण

• उन्हाळ्यात झाडांना पाण्याचा ताण का पडतो, ते सांगू शकाल;
• बागेला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडू शकाल;
• पाणी कमी असताना कोणती झाडे आधी जगवावीत, याचा क्रम कारणांसह ठरवू शकाल;
• आच्छादन, मडक्याचे सिंचन, गळती यांसारख्या सोप्या उपायांचे वर्णन करू शकाल;
• क्रियापदाचे आज्ञार्थी व विध्यर्थी रूप ओळखून सूचनापर लेखन करू शकाल.

मूळ पाठ

(१) अंगणातील हिरवळ

मराठवाड्यातील एका लहान शहरात आम्ही २००९ साली घर बांधले. घरापुढे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी जागा उरली होती. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तिथे हिरवळ असावी, अशी माझी फार दिवसांची हौस होती. जागेवर आधीपासून हरळी माजली होती. ती मी मजूर लावून मुळासकट खणून काढली आणि रोपवाटिकेतून बारीक पात्याच्या, मऊ गवताचे चौकोन आणून बसवले. आई ओसरीवर बसून हे सारे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "अगं, गवत आपल्या पायांनी येतं. त्याला आमंत्रण कशाला?"

आईच्या बोलण्याकडे मी लक्ष दिले नाही. पुढची काही वर्षे हिरवळ छान राहिली. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून तिचे कौतुक करीत. तिच्या कडेला मोगऱ्याचे दोन वेल, एक जास्वंद, तुळशीवृंदावन आणि कुंपणाशी आंब्याचे एक कलम होते. पाणी मात्र सर्वाधिक लागे ते हिरवळीलाच. सायंकाळी कूपनलिका सुरू करून मी तासभर नळी धरून उभी राहत असे आणि त्यात मला मोठे सुख वाटे.

पुढे २०१६ चा उन्हाळा आला. त्याआधीच्या पावसाळ्यांनी मराठवाड्याकडे पाठ फिरवली होती. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर तोडून आले होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. लोकांना प्यायला पाणी नसताना मैदानावरील गवताला पाणी द्यावे काय, हा त्या प्रकरणातील प्रश्न होता. मी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, न्यायालयाचे म्हणणे योग्यच आहे असे घरात बोलूनही दाखवले आणि सायंकाळी नेहमीप्रमाणे नळी हातात घेतली.

आमच्या गल्लीत तेव्हा चार दिवसांआड टँकर येत असे. त्या दिवशी टँकरला उशीर झाला होता. कळश्या-घागरींची रांग आमच्या फाटकापर्यंत आली होती. रांगेतली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी फाटकाच्या गजांना धरून आत पाहत होती. तिने मला विचारले, "काकू, हे पाणी प्यायचं आहे का?"

सरळ माहिती विचारावी, तसे तिने ते विचारले. ते पाणी पिण्याजोगेच होते; आम्ही रोज तेच पीत होतो. मी नळी खाली ठेवली. तिची कळशी भरली, मग तिच्या मागच्या बाईची घागर भरली. दुसऱ्या दिवसापासून नळीचे तोंड फाटकाबाहेर गेले. मेअखेर कूपनलिका आटली, तोवर रोज सकाळी ते बाहेरच राहिले.

(२) पाण्याचा हिशेब

त्या रात्री मी वही घेऊन बसले. जे सात वर्षे केले नव्हते, ते त्या दिवशी केले. हिरवळीचा हिशेब मांडला.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केले, तर ते बरोबर एक लिटर भरते. कडक उन्हाळ्यात गवत हिरवेगार ठेवायचे, तर दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी द्यावे लागते. आमची हिरवळ शंभर चौरस मीटरची होती. म्हणजे दिवसाला पाचशे लिटर. पंधरा लिटरचा एक हंडा धरला, तर तेहेतीस हंडे. मे महिन्याच्या एकतीस दिवसांचे साडेपंधरा हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरची दीड खेप. शहरातील पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना दर माणशी दर दिवशी १३५ लिटर पाणी धरण्याचा संकेत आहे. त्या मापाने माझे गवत रोज जवळजवळ चार माणसांचे पाणी पीत होते. लातूरला आलेली ती पहिली गाडी आमच्यासारख्या एक हजार हिरवळींना केवळ एक दिवस पुरली असती.

हिशेब संपल्यावर मी एक यादी केली. बागेत जे आहे, त्यातले गेले तर पुन्हा किती वर्षांनी मिळेल, हा एकच प्रश्न प्रत्येक झाडापुढे लिहिला. आंब्याचे कलम सात वर्षांचे होते. ते गेले तर सात वर्षे गेली. मोगरा आणि जास्वंद दोन-तीन वर्षांत पुन्हा उभे राहिले असते. तुळस बियांपासून पावसाळ्यात पुन्हा उगवली असती, तरी ती आईची होती. हंगामी फुलझाडे चार महिन्यांची पाहुणी. आणि गवत? ते दोन पावसांत परत आले असते. ज्याला सर्वांत जास्त पाणी जात होते, तेच यादीत सर्वांत शेवटी होते.

उन्हाळ्यातील बागकामाचा पहिला धडा मला असा वहीच्या पानावर मिळाला. पाणी मुबलक असते तेव्हा क्रम लावावा लागत नाही. ते कमी पडते तेव्हा क्रम हीच निगा ठरते. प्रथम या वर्षी वा गेल्या वर्षी लावलेली रोपे, कारण त्यांची मुळे अजून वरच्या थरातच असतात; मग फळझाडे; त्यानंतर बहुवर्षायू फुलझाडे; मग कुंड्यांतील हंगामी झाडे; आणि सर्वांत शेवटी हिरवळ. खोलवर मुळे गेलेले कडुनिंबासारखे जुने झाड सहसा आपली सोय आपणच पाहते.

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. दहा चौरस मीटर जागेला पाच मिलिमीटर पाणी देण्यासाठी लागणारे पाणी :
(क) पाच लिटर (ख) पन्नास लिटर (ग) पाचशे लिटर
२. लेखिकेने झाडांचा क्रम ठरवताना लावलेली कसोटी :
(क) झाडाची किंमत (ख) झाडाची उंची (ग) झाड पुन्हा मिळण्यास लागणारा काळ

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. नव्या रोपांना आधी पाणी का द्यावे?
४. आईच्या मते गवताला आमंत्रण का नको?

(३) पाणी केव्हा आणि कसे द्यावे?

झाड मुळांवाटे जे पाणी घेते, त्याचा फार मोठा भाग पानांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर जातो. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पानांवर पर्णरंध्रे नावाची अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात. वाफ तेथून निसटते आणि जाता जाता पानाला थंडावा देते. हवा जितकी तापलेली, कोरडी आणि वाहती, तितकी वाफ अधिक. मुळे जेवढे पाणी पुरवू शकतात त्याहून अधिक पाणी पानांतून जाऊ लागले, की झाडाला ताण पडतो आणि पाने माना टाकतात.

परंतु दुपारी मान टाकलेले प्रत्येक झाड तहानलेले असतेच असे नाही. मातीत ओल असूनही भर उन्हात काही झाडे कोमेजल्यासारखी दिसतात आणि सायंकाळी पुन्हा टवटवीत होतात. म्हणून झाडाकडे पाहून पाणी घालण्याआधी मातीला विचारावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. बोटाला ओल लागली, तर पाणी घालू नये. सतत चिखलात राहिलेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग पाणी भरपूर असूनही झाड तहानेने मरते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलीही असावी आणि तिच्यात हवाही खेळावी, ती स्थिती मुळांना मानवते.

पाणी पहाटे अथवा सूर्य वर येण्यापूर्वी द्यावे. त्या वेळी माती निवलेली असते, वारा कमी असतो, पाणी मुळांपर्यंत उतरते आणि झाड दिवसाच्या उन्हाला सज्ज होते. सकाळी शक्य नसेल, तर सायंकाळी द्यावे; मात्र तेव्हा पाने भिजवू नयेत, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी धरण्याचा संभव असतो. दिवसभर उन्हात पडलेल्या नळीतील पाणी चांगलेच तापलेले असते. ते आधी बादलीत काढून निवू द्यावे.

रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा जमिनीतील झाडांना दोन-तीन दिवसांआड सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. वरवर शिंपडलेले पाणी मातीच्या वरच्या थरातच राहते. मुळेही मग तिथेच घुटमळतात आणि सर्वांत आधी तापणारा थरही तोच असतो. पाणी खोल गेले, की मुळे त्याच्यामागे खोल जातात. मोठ्या झाडाचे आळे बुंध्याला लगटून करू नये. फांद्यांचा घेर जिथे संपतो, त्या सुमारास पाणी शोषणारी कोवळी मुळे पुष्कळ असतात. आळे तेवढे रुंद असावे.

(४) जुन्या युक्त्या, थोडे पाणी

पाणी देणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम ते मातीत राखण्याचे. उघडी माती चुलीवरच्या तव्यासारखी तापते. तिच्यावर पालापाचोळा, वाळलेले गवत, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचा दोन ते तीन इंच जाडीचा थर द्यावा. याला आच्छादन म्हणतात. त्यामुळे ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते, तण कमी उगवते आणि पुढे हाच पाला कुजून मातीचे खत होतो. थर बुंध्याला मात्र भिडवू नये. चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंध्याशी ओल साचून साल कुजते. उन्हाळ्यात अंगणात पडलेली पाने गोळा करून पेटवणारी घरे पाहिली, की मला हळहळ वाटते. झाडाने स्वतःसाठी विणलेले पांघरूणच आपण जाळत असतो.

दुसरी युक्ती मडक्याची. रंग वा झिलई न दिलेले साधे मातीचे मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते. भोवतालची माती कोरडी असेल तर अधिक, ओली असेल तर कमी. जणू रोपाने मागितले तेवढेच. आमचे आंब्याचे कलम त्या उन्हाळ्यात अशा दोन मडक्यांनी तग धरून राहिले.

तिसरी युक्ती आईची. वैशाखात तुळशीवर गळती बांधण्याची चाल काही घरांत आहे. तळाला बारीक छिद्र पाडलेले भांडे तिपाईवर किंवा आडव्या काठीला टांगून तुळशीच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पडू दिले जाते. आईने ते पुण्यकर्म म्हणून केले. मी त्याकडे पाहत असताना माझ्या ध्यानात आले की, ठिबक सिंचनाचे तत्त्व यात आहे. पाणी थोडे, सावकाश आणि मुळाशी. आज पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला सुईने छिद्र पाडूनही हे काम करता येते.

पाण्याचे स्रोतही घरातच असतात. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी झाडांना निःशंक द्यावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, तेही चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र अधिक क्षारयुक्त असते. ते साध्या पाण्यात मिसळून आणि आलटून पालटूनच वापरावे. साबणाचे फिकट पाणी फुलझाडांच्या व फळझाडांच्या मुळाशी अधूनमधून दिले तर चालते. परंतु कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते कधीही देऊ नये.

(५) काय करू नये?

उन्हाळा हा झाडांचा तग धरण्याचा काळ आहे. त्यांना वाढीसाठी घाई करू नये. भर उन्हाळ्यात रासायनिक खत घालू नये. कोरड्या मातीत खताचे क्षार साचतात, मुळांना पाणी घेणे अवघड होते आणि पानांच्या कडा करपतात. माझा एक मोगरा मीच असा गमावला. फुले वाढावीत म्हणून एप्रिलच्या दुपारी मूठभर युरिया घातला आणि आठवड्यात त्याची पाने तपकिरी झाली. मोठी छाटणी आणि कुंडी बदलणेही पावसाळ्यापर्यंत लांबणीवर टाकावे.

कुंड्यांतील झाडांची मुळे चहूबाजूंनी तापतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या तर फारच तापतात. म्हणून गच्चीवरील कुंड्या विटांवर किंवा फळीवर ठेवाव्यात, म्हणजे फरशीची उष्णता थेट पोहोचत नाही. त्या एकमेकींजवळ ठेवाव्यात, मोठ्या झाडांच्या सावलीत लहान ठेवावीत आणि दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी किंवा जुने सुती पातळ वर बांधावे. गावाला जायचे असेल, तर पाण्याची बादली जराशी उंचावर ठेवून सुती वातीचे एक टोक बादलीत व दुसरे कुंडीच्या मातीत खोचावे.

कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या किडींचा उपद्रव वाढतो. पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा पाहावी. प्रादुर्भाव थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावा. अधिक असेल तर कडुनिंबाच्या तेलाचे पातळ मिश्रण सायंकाळी फवारावे, दुपारी नव्हे.

ज्यांना हिरवळ राखायचीच आहे आणि ज्यांच्याकडे पाणी आहे, त्यांनीही गवत उन्हाळ्यात थोडे उंच ठेवावे. उंच गवताची सावली त्याच्याच मुळांवर पडते. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये आणि वाळलेल्या गवतावर फार चालू नये.

झाडांपाशी पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवावे. मात्र ते रोज बदलावे. साठवणीची भांडी झाकावीत आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात. डेंग्यू पसरवणारे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

(६) मृगाचा पाऊस

आमची हिरवळ मेच्या मध्यापर्यंत पार वाळली. जाता-येता लोक हळहळले. बारीक पात्याचे ते विकतचे गवत पुन्हा आले नाही. परंतु जूनमध्ये पाऊस पडला आणि आठवड्याभरात त्या तपकिरी अंगणात हिरवे कोंब दिसू लागले. वाकून पाहिले, तर ती हरळी होती. सात वर्षांपूर्वी मुळासकट काढली असे मी समजत होते. तिच्या जमिनीखालच्या खोडांचे तुकडे कुठेतरी टिकून राहिले होते. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्या हिच्याच.

आई तेव्हा ओसरीवरच बसली होती. ती काही बोलली नाही. मी मात्र तिला म्हणाले, "आली बरं का, आपल्या पायांनी."

तेव्हापासून अंगणात हरळी आहे. उन्हाळ्यात ती वाळते, पावसाळ्यात हिरवी होते आणि मी तिला पाणी घालत नाही. आंब्याच्या कलमाला आता कैऱ्या येतात. सायंकाळी नळी धरण्याचे ते सुख गेले, हे मी नाकारत नाही. पहाटे झारी घेऊन एकेका झाडाच्या मुळाशी वाकण्याची सवय त्याच्या जागी आली आहे.

शब्दार्थ

हरळी – कणखर, जमिनीवर पसरणारे गवत, दूर्वा
ओसरी – घरापुढील छपराखालची जागा
आळे – पाणी थांबावे म्हणून झाडाभोवती केलेला खळगा
वाफसा – माती ओली परंतु हवा खेळती असण्याची स्थिती
पाचट – उसाची वाळलेली पाने
झिलई – मातीच्या भांड्यावरील चकचकीत लेप
बहुवर्षायू – अनेक वर्षे जगणारे
मृग – मृग नक्षत्र. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होते, यात पाऊस येतो अशी शेतकऱ्यांची अपेक्षा असते

पाठगत प्रश्न – २

१. चूक की बरोबर ते लिहा : दुपारी कोमेजलेल्या प्रत्येक झाडाला त्वरित पाणी घालावे.
२. आच्छादन बुंध्याला का भिडवू नये?
३. गळती आणि ठिबक सिंचन यांतील साम्य सांगा.

विवेचन

पाठाची रचना लक्षपूर्वक पाहा. लेखिका प्रारंभीच उपदेश करीत नाही. ती प्रथम स्वतःची चूक सांगते. बातमी वाचून न्यायालयाचे म्हणणे योग्य ठरवणारी व्यक्ती त्याच सायंकाळी गवताला पाणी घालते. विचार पटणे आणि तो आपल्या अंगणापर्यंत येणे यांत किती अंतर असते, हे या प्रसंगातून दिसते. ते अंतर एका लहान मुलीच्या साध्या प्रश्नाने मिटते. तिच्या प्रश्नाला लेखिका शब्दांनी उत्तर देत नाही. ती नळी खाली ठेवते. पाठातील सर्व माहिती या कृतीनंतर येते, म्हणून ती कोरडी वाटत नाही.

झाड, फूल आणि माती यांविषयीची ही आस्था मराठी परंपरेत जुनी आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांनी आपल्या मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'त आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून ती तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा आशय आहे. प्रस्तुत पाठ याच आस्थेला आजच्या पाणीटंचाईचा संदर्भ देतो.

विचार करा : लेखिकेकडे मुबलक पाणी असते, तर तिने हिरवळ राखणे योग्य ठरले असते का? आपले पाणी शेजाऱ्याच्या पाण्याहून वेगळे मानता येते का? दोन्ही बाजूंनी विचार करून मत बनवा.

भाषाभ्यास

(अ) क्रियापदाचे अर्थ

पुढील वाक्ये वाचा.
१. माळी पाणी घालतो. (स्वार्थ – केवळ क्रियेचा बोध)
२. तू पाणी घाल. (आज्ञार्थ – आज्ञा वा विनंती)
३. पाणी सकाळी घालावे. (विध्यर्थ – योग्यता, कर्तव्य, अपेक्षा)
४. पाणी घातले असते, तर रोप जगले असते. (संकेतार्थ – अट)

सूचनापर लेखनात विध्यर्थी रूपाचा वापर अधिक होतो. त्यामुळे सूचना एखाद्या व्यक्तीला दिलेल्या हुकमासारखी वाटत नाही, सर्वांसाठीचा नियम वाटते. पाठातील 'बोट दोन पेरे मातीत खुपसावे', 'थर बुंध्याला भिडवू नये' ही वाक्ये पाहा. विध्यर्थाचा नकार 'नये' लावून होतो, हेही ध्यानात ठेवा.

(आ) वाक्प्रचार

पाठ फिरवणे – सोडून जाणे, साथ न देणे
मान टाकणे – कोमेजणे, दुर्बळ होणे
तग धरणे – टिकून राहणे
लांबणीवर टाकणे – पुढे ढकलणे

(इ) समास

पालापाचोळा – पाला, पाचोळा वगैरे (समाहार द्वंद्व)
दरवर्षी – प्रत्येक वर्षी (अव्ययीभाव)
कमीअधिक – कमी किंवा अधिक (वैकल्पिक द्वंद्व)

आपण काय शिकलो?

• पानांतून जाणारे पाणी मुळांनी घेतलेल्या पाण्याहून अधिक झाले, की झाडाला ताण पडतो.
• एक चौरस मीटर जागेवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर.
• पाणी कमी असताना जे पुन्हा मिळण्यास सर्वाधिक काळ लागेल, ते आधी जगवावे.
• पाणी पहाटे, सावकाश आणि मुळाशी द्यावे. माती आच्छादनाने झाकावी.
• उन्हाळ्यात रासायनिक खत, मोठी छाटणी आणि कुंडी बदलणे टाळावे.

उपक्रम

१. आपल्या घरात एका दिवसात भाज्या, तांदूळ व डाळी धुण्यासाठी किती पाणी वापरले जाते, ते मोजून लिहा. त्यातून किती कुंड्यांची गरज भागेल, याचा अंदाज करा.
२. सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. एकीवर पाल्याचे आच्छादन द्या. दोहोंना सारखे पाणी घालून कोणती माती अधिक दिवस ओली राहते, याची आठवडाभर नोंद ठेवा.
३. आपल्या गावी पाऊस केव्हा येतो, ते वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्या. केरळात मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनच्या सुमारास, तर दिल्लीत जूनच्या अखेरीस पोहोचतो. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर पडतो. त्यानुसार आपल्या बागेचे वेळापत्रक तयार करा.

पाठांत प्रश्न

१. लेखिकेने हिरवळीला पाणी देणे का थांबवले, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. 'पाणी कमी पडते तेव्हा क्रम हीच निगा ठरते' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. मडक्याच्या सिंचनाची कृती विध्यर्थी क्रियापदे वापरून लिहा.
४. आईच्या स्वभावाचे दोन विशेष पाठाच्या आधारे लिहा.
५. आपल्या शेजाऱ्याला उन्हाळ्यात महिनाभर गावी जायचे आहे. त्यांच्या कुंड्यांच्या निगेविषयी सूचना देणारे पत्र लिहा.
६. पाठाच्या शेवटी परत आलेली हरळी काय सुचवते? आपले मत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

संच १ : १. (ख) पन्नास लिटर. २. (ग) झाड पुन्हा मिळण्यास लागणारा काळ. ३. नव्या रोपांची मुळे मातीच्या वरच्या थरातच असल्यामुळे ती लवकर सुकतात. ४. गवत आपोआप उगवते, म्हणून ते मुद्दाम लावण्याची गरज नाही.

संच २ : १. चूक, आधी मातीतील ओल तपासावी. २. बुंध्याशी ओल साचून साल कुजते. ३. दोन्हींत थोडे पाणी थेंबाथेंबाने, सावकाश आणि मुळाशी दिले जाते.